मधला आवाज

मारुतीरावांना निपाणीहून बेळगावला बोलायला टेलिफोन कशाला हवा, नुसती खिडकी उघडली तरी पुरे, असं वखारीतल्या बायका म्हणायच्या. आवाजच तसा होता. पण टेलिफोनच्या तारेला या आवाजाचं काय वावडं होतं कोण जाणे, तारेत शिरला की त्याची नुसती खरखर व्हायची. पलीकडे धाकटा भाऊ रवळूशेठ ‘हॅलो, हॅलो’ करत घसा कोरडा करायचा आणि अलीकडे मारुतीराव रिसीव्हरकडे चोर सापडल्यासारखे बघत बसायचे.

घराणं काकती गावचं, शेतकरी. थोरल्यानं निपाणीत तंबाखूची वखार आणि विड्यांचा कारखाना काढला, धाकट्यानं बेळगावच्या खडेबाजारात विक्रीचं ऑफिस थाटलं. माल इकडे व्हायचा, गिऱ्हाईक तिकडे असायचं. तेव्हा रोज बोलल्याशिवाय भागत नव्हतं आणि बोलायचं तर त्या खरखरीतून.

हे बोलणं पार पाडायची जया. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ती बसायची. लाकडी बोर्ड, त्याला भोकं, भोकांत घालायच्या पिना आणि कानांवर हेडफोन. बोर्ड आणि मालकांची केबिन यांच्यात फळ्यांची भिंत होती आणि भिंतीला हातभर झडप. जयाला हेडफोनमधून पलीकडचं बरं ऐकू यायचं, आणि फोनला तोंड लावून ती हळू बोलली तरी तिचा बारीक, धारदार आवाज तारेतून नीट पलीकडे पोचायचा, केबिनमध्ये मात्र ऐकू जायचा नाही. हे ध्यानात आल्यावर मारुतीरावांनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, रिसीव्हर उचलायचंच सोडून दिलं. बेळगावचा ट्रंक कॉल लागला की ते झडप वर करायचे आणि म्हणायचे, “सांग त्याला.” जया सांगायची. रवळूशेठ उत्तर द्यायचा, तेही जयाच झडपेतून आत सांगायची. अशी नऊ-दहा वर्षं गेली. दोन्ही भाऊ दिवाळीला आणि यल्लम्माच्या यात्रेला भेटायचे, तेव्हा पोरंबाळं, पाहुणेरावळे असायचे आणि धंद्याचा विषय निघायचा नाही. धंदा फोनवर, म्हणजे जयाच्या तोंडून.

जयाची आई तानीबाई याच वखारीत तंबाखू निवडायला होती. सारा जन्म त्या पानांच्या ढिगापुढं गेला आणि शेवटी पदरात पडला तो खोकला. बसल्या जागी तिला असा ठसका लागायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. भीमनगरातल्या आपल्या खोलीत ती लेकीला एकच गोष्ट सांगायची, “शीक, न्हायतर शिकू नगंस. पर त्या पानात हात घालू नगंस.” जया मॅट्रिक झाली, कानडी-मराठी दोन्ही तिला चोख यायचं, आणि कामगार संघटनेच्या लोकांनी शब्द टाकल्यावर मारुतीरावांनी तिला बोर्डावर घेतलं. नवरा सदलग्याला प्राथमिक शाळेत मास्तर, शनिवारी यायचा. त्याचा पगार होता, उपासमार होणार नव्हती. तरी जयाचा जीव त्या खुर्चीत होता. त्या खोलीत धूळ येत नव्हती. आईनं शिवून दिलेली चौकोनी उशी खुर्चीवर टाकून ती बसली की आपण आईच्या आयुष्यातून बाहेर पडलो, हे तिला रोज सकाळी नव्यानं कळायचं.

आता खरी गोष्ट. जयाला बोर्डावर बसून आठवडा झाला नव्हता तेव्हाची. मारुतीरावांनी झडप वर केली आणि फर्मावलं, “त्या गाढवाला म्हणावं, मागच्या गाडीचा हिशेब काय तुझा बा देणार हाय काय?”

जयानं तोंड उघडलं आणि मिटलं. गाढव हा शब्द तिला नवीन नव्हता. पण तारेच्या त्या टोकाला धाकटे मालक होते. मालकाला, ते निरोपाचं का होईना, तानीबाईच्या पोरीनं आपल्या तोंडानं गाढव म्हणायचं? तिची जीभ वळेना. शिवाय दोघांचा बाप एकच, तो काकतीत चांगला हिंडूनफिरून होता. मारुतीराव तिकडून ओरडले, “सांगितलंस काय?”

“अण्णा म्हणत्यात,” जया फोनमध्ये म्हणाली, “तेवढा मागच्या गाडीचा हिशेब धाडलासा तर बरं हुईल.”

पलीकडून रवळूशेठ म्हणाला, “त्या म्हाताऱ्याला म्हणावं, हितं येऊन बस माझ्या खुर्चीत, मग कळंल.”

जयानं झडपेकडे मान वळवली. “धाडतो म्हणत्यात. तुम्ही एकदा हिकडं येऊन गेलासा तर बरं, असंबी म्हणत्यात.”

मारुतीराव म्हणाले, “बरं. सवड काढतो म्हणावं.” हिशेब दुसऱ्याच दिवशी आला. त्यामागं कुणाचा मोठेपणा नव्हता. एका पोरीची जीभ वळली नाही, एवढंच.

पण एकदा जमलं म्हटल्यावर माणूस थांबतो थोडाच. पहिल्यांदा जया शिव्या तेवढ्या गाळायची. मग वाक्यं दुरुस्त करायला लागली. मग तिला त्यात गोडी वाटायला लागली आणि ती पदरचंही घालायला लागली. कॉल लागला की मारुतीराव झडपेशी येईपर्यंत थोडा वेळ जायचा. तेवढ्यात ती म्हणायची, “अण्णा इचारत्यात, जेवलासा का?” रवळूशेठ म्हणायचा, “व्हय, जेवलो म्हणावं. अण्णा जेवला का?” मग ती आत सांगायची, “तुमचं जेवण झालं का इचारत्यात.” मारुतीराव गुरगुरायचे, “झालं म्हणावं.” पण पुढच्या वाक्यातला आवाज एक पट्टी उतरलेला असायचा. रवळूशेठची थोरली पोरगी परीक्षेला बसली की ‘अण्णा’ चौकशी करायचे, धाकटीचा दात दुखत असला की ‘अण्णा’ लवंग लावायला सांगायचे. यातलं अण्णांना काहीच ठाऊक नसायचं. माल ओलसर गेला तर बेळगावहून तक्रार यायची ती आत पोचेपर्यंत विनंती झालेली असायची, आणि विनंती म्हटल्यावर मारुतीराव स्वतः वाळवणावर जाऊन उभे राहायचे. दोन्हीकडची कामं सुरळीत चालायची. रवळूशेठ चारचौघांत सांगायचा की आमचा अण्णा समोर फणसासारखा, पण फोनवर बघा माणूस. जया हे ऐकून मनातल्या मनात फुशारायची. तिला आपल्या कामाचा गर्व झाला होता आणि तो लपवायची कलाही तिला चांगली साधली होती.

पंच्याऐंशी साली कारखान्यात नवा मॅनेजर आला, पट्टणशेट्टी. माणूस हुशार, नीटनेटका, खिशाला दोन पेनं. सहा महिने सगळं बघून त्यानं मालकांना सांगितलं की आपल्याकडं प्रत्येकाचा निम्मा दिवस फोनची वाट बघण्यात जातो. गोदामातल्या कारकुनाला गाडीची चौकशी करायची तर तो बोर्डापाशी येऊन उभा राहतो, मग ट्रंक कॉल नोंदवायचा, मग तो लागायची वाट बघायची. आता बेळगावला थेट फिरवून बोलता येतं, आणि बटणांचं नवीन मशीन मिळतं. ते घेतलं की ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या टेबलावर. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मारुतीरावांनी होकार दिला.

“मग बोर्डावर ही कशाला?” पट्टणशेट्टीनं जयाच्या देखतच विचारलं. त्यात त्याचा दुष्टपणा नव्हता, त्याला फक्त आकडे दिसत होते. “दोन महिने मशीन चालू दे. नीट चाललं की हिला निवडणीत घेऊ. तिथं बायका कमीच पडताहेत.”

निवडणीत. म्हणजे आईच्या जागी.  घरी गेल्यावर जयानं आईला काही सांगितलं नाही. तानीबाई नेहमीसारखी खोकत होती आणि जया त्या रात्री जेवली नाही.

बंगळूरचा इंजिनिअर आला, दोन दिवसांत वायरी ओढून मशीन बसवून गेला. लाकडी बोर्ड अडगळीत गेला. जयापुढं आता बटणांचा एक डबा होता, त्यात दिवे लुकलुकायचे आणि बहुतेक दिवे तिला न विचारताच लागायचे आणि विझायचे. पहिल्या आठवड्यात कारखान्याची कामं खरंच झपाझप व्हायला लागली. गोदामातला कारकून खुर्चीवरून न उठता दुपारपर्यंत सगळ्या गाड्यांचा पत्ता लावायला लागला. हिशेबनीस घरी वेळेवर जायला लागला आणि बायकोनं त्याला विचारलं म्हणे, आज लवकर का? पट्टणशेट्टी दोन्ही हात मागं बांधून सगळीकडं हिंडायचा.

काम बिघडलं ते फक्त दोन माणसांचं, आणि नेमके तेच मालक होते.

पहिल्याच दिवशी मारुतीरावांनी स्वतः नंबर फिरवला. खरखर नाही, काही नाही, भाऊ शेजारी बसल्यासारखा. “काय रं,” ते म्हणाले, “माल परत का आला?” पलीकडून रवळूशेठ म्हणाला, “ओला धाडल्यावर परत न्हाय तर काय, आरती करणार?” मारुतीराव म्हणाले, “तुला तंबाखूतलं काय कळतंय रं गाढवा?”  जया आपल्या डब्यातला दिवा बघत होती. तो विझला.

असं रोज व्हायला लागलं. चौथ्या दिवशी रवळूशेठनं ठेवलेला फोन मारुतीरावांच्या कानात वाजला. सहाव्या दिवशी मारुतीरावांनी भरलेली गाडी गेटात अडवून धरली. बेळगावहून पैसे यायचे थांबले. आणि एका सकाळी मारुतीरावांनी पट्टणशेट्टीला बोलावून सांगितलं, “ह्ये मशीन बिघडलंय.”

“बिघडलंय? आवाज येत नाही का?”

“आवाज येतोय. पर त्यो माझ्या भावाचा न्हाय. नऊ-दहा वर्सं मी त्याच्याशी रोज बोलतोय. उलट शब्द कधी बोलला न्हाय. आता ह्या मशीनमधनं कसलं भलतंच बोलणं येतंय बघा.”

पट्टणशेट्टीला वाटलं मालक थट्टा करताहेत. पण त्याच दुपारी बेळगावहून रवळूशेठचाही निरोप आला, तुमचं मशीन काढून टाका, त्यात अण्णाचा आवाज नासतो. पट्टणशेट्टी कपाळाला हात लावून बसला. बंगळूरला तार गेली. इंजिनिअर परत आला, त्यानं झाकण उघडलं, मीटर लावला, चार ठिकाणी बोलून बघितलं. मशीनमध्ये काही दोष नाही, आवाज जसा आहे तसा जातो, असं त्यानं सांगितलं. मारुतीराव म्हणाले, “म्हणजे माझा भाऊ खोटा?” इंजिनिअरनं मीटर पुन्हा लावून बघितला.

जया हे सगळं आपल्या खुर्चीतून ऐकत होती. तिला हसूही येत होतं आणि घामही फुटत होता. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता. पण बोलली असती तर मशीन निर्दोष ठरलं असतं आणि ती निवडणीत. न बोलली तर मशीन परत बंगळूरला आणि तिची खुर्ची जिथल्या तिथं. ती बोलली नाही. इंजिनिअरला तिनं चहा मागवून दिला.

“एक करू,” मारुतीराव शेवटी म्हणाले. “जया, तू मधी बोल. आदीसारखं.”

मशीनमध्ये तशी सोय होती. एक बटण दाबलं की ऑपरेटर दोघांच्या मध्ये येऊ शकायची. इंजिनिअरनं ते दाखवून दिलं. पट्टणशेट्टी दारात उभा होता. मारुतीरावांनी सवयीनं झडप वर केली, पण या वेळी रिसीव्हरही कानाला लावला, मशीनची परीक्षा घ्यायची म्हणून. बेळगावला घंटी गेली. रवळूशेठनं उचलला.

“अण्णा इचारत्यात, जेवलासा का?” जया म्हणाली.

मारुतीरावांनी झडपेतून तिच्याकडं चमकून बघितलं. ते असं काही बोलले नव्हते.

“जेवलो म्हणावं,” रवळूशेठ म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा सूर सैल झाला होता.

“त्याला सांग,” मारुतीराव म्हणाले, “गाडी पायजे तर आदी मागचे पैसे टाक, फुकटखाऊ.”

“अण्णा म्हणत्यात, गाडी तयार हाय, तेवढं मागचं...” आणि जया थांबली. कशामुळं थांबली ते तिलाच पहिल्यांदा कळलं. लाईन स्वच्छ होती. ‘फुकटखाऊ’ बेळगावात पोचला होता. आणि तिचं ‘तयार हाय’ मारुतीरावांच्या कानात वाजत होतं. जुन्या खरखरीनं नऊ-दहा वर्षं झाकलेलं सगळं एका वाक्यात उघडं पडलं.

 इंजिनिअर मीटरकडं बघत राहिला.

“जया,” रवळूशेठ म्हणाला, “ह्ये तू रोज असंच करत आलीस?”

“व्हय,” जया म्हणाली. खोटं बोलायला आता जागाच नव्हती.

“पोरीच्या परीक्षेचं? लवंगेचं?”

“व्हय.”

मारुतीरावांना यातलं काही कळत नव्हतं. कसली लवंग, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग रवळूशेठचा आवाज आला, पण तो जयासाठी नव्हता.

“अण्णा, बाप गेला तवा मी काकतीस्नं तुला फोन केलतो. तू म्हणाला हुतास, ‘रडू नको, मी हाय.’ त्ये तू म्हणालास का हिनं?”

जयाला तो दिवस लख्ख आठवत होता. रवळूशेठला बोलवत नव्हतं, नुसता हुंदका येत होता. तिनं आत निरोप सांगितला होता. मारुतीराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले होते आणि बऱ्याच वेळानं म्हणाले होते, “लाकडाचं बघा म्हणावं. मी निघालो.” एवढंच. बाकीचं जयाचं होतं. ‘अण्णा म्हणत्यात, रडू नका, मी हाय,’ असं ती म्हणाली होती, आणि म्हणताना तिचेही डोळे भरले होते.

झडपेतून मारुतीराव तिच्याकडं बघत होते. आपण काय बोललो होतो ते त्यांनाही आठवत असणार. 

“मी म्हणालतो,” ते फोनमध्ये म्हणाले. “मीच.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मारुतीरावांनी रिसीव्हर ठेवला आणि झडप खाली पाडली.

मशीन निर्दोष सुटलं. इंजिनिअर संध्याकाळच्या गाडीनं बंगळूरला गेला. पट्टणशेट्टीनं जयाला समोर उभं करून, पण आवाज न चढवता सांगितलं की निरोप बदलणारी ऑपरेटर कुठल्याच कंपनीत चालत नाही, तेव्हा दोन महिने थांबायचं कारण नाही, उद्यापासून निवडणीत ये. जयानं वाद घातला नाही. त्याचंही बरोबरच होतं. घरी तिनं या वेळी आईला सांगितलं. तानीबाई खोकायची थांबली, तिनं लेकीच्या हातांकडं बघितलं आणि तोंड फिरवून भाकरी थापायला बसली. रागावली असती तर जयाला सोपं गेलं असतं.

सकाळी जया उशी आणि पाण्याचा तांब्या न्यायला बोर्डाच्या खोलीत आली. शेजारच्या निवडणीत बायका बसल्या होत्या, ढीग उपसला जात होता आणि खोकल्याचे आवाज आत्तापासूनच सुरू झाले होते. तिनं उशी उचलली. तेवढ्यात फळ्यांच्या भिंतीपलीकडं नंबर फिरवल्याचा आवाज आला. डब्यावर बेळगावचा दिवा लागला.

मारुतीराव खाकरले. मग पुन्हा खाकरले.

“रवळू,” ते म्हणाले. एवढा लहान आवाज त्यांच्या गळ्यात आहे, हे जयाला ठाऊक नव्हतं. “जेवलास का रं?”

सकाळचे साडेआठ झाले होते. पलीकडून काय उत्तर आलं ते जयाला ऐकू आलं नाही. तिनं हेडफोन लावला नव्हता. मारुतीराव ‘हां’ म्हणाले, परत ‘हां’ म्हणाले. खुर्ची कुरकुरली. झडप हळूच वर झाली. मारुतीरावांनी रिसीव्हरच्या तोंडावर तळहात दाबून धरला होता आणि त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

“जया,” ते कुजबुजले, “जेवलास का इचारलं. व्हय म्हणाला. आता फुडं काय म्हणायचं?”

जया उशी छातीशी धरून उभी होती. “धाकटीचा दात काढलाय,” ती म्हणाली. “त्याचं इचारा.”

“तिचा दात कुठं दुखत हुता?”

“म्हैना झाला. तुम्ही रोज इचारत हुतासा.”

मारुतीरावांनी मान हलवली, पाठ झाल्यासारखी, आणि हात काढून फोनमध्ये म्हणाले, “धाकटीचा दात कसा हाय रं?” मग ते ऐकत राहिले. पलीकडं बोलणं लांबलं असावं. ऐकता ऐकताच त्यांनी झडपेतून जयाला बोटानं खूण केली, तिच्या खुर्चीकडं. बस म्हणून. मग पुन्हा केली, तिला दिसली नसेल म्हणून.

दारात पट्टणशेट्टी तिला न्यायला आला होता. जयानं उशी खुर्चीवर टाकली, हातानं सारखी केली आणि बसली.